साखळी ओढून बघणारे

त्या स्टुलावर नको हो, त्याचा पाय मोडलाय — त्या पिंपावर बसा, पालथं आहे, रिकामं आहे. बूट गेले ना चिखलात? जाणारच. नोव्हेंबरात दुसऱ्याच्या बागेत यायचं तर रबरी बूट घालून यावं, इंजिनिअरसाहेब, पण ब्रातिस्लाव्हाच्या अणुसुरक्षा कार्यालयात हे कोण शिकवणार! आलुबुखाऱ्याची दारू घ्याल थोडी? घरची आहे. नाही? गाडी चालवायचीय — बरं, बरं, नियम म्हणजे नियम. मी कोबी चिरत बोललो तर चालेल ना? आज मिठात दाबला नाही तर सगळा फुकट जाईल. तर काय म्हणत होतात — सव्वीस दिवस बंद राहिला व्हॉल्व्ह. राहिला. सगळ्या गावाला माहीत आहे. काल पाववाली बाई मला विचारते, वेंदेलिन, आता आम्ही रात्री अंधारात चमकणार का? असली अक्कल! तिला म्हटलं, तू आधीच एवढं पीठ फासतेस तोंडाला, चमकलीस तरी कुणाला कळणार नाही.

आणि तुमच्या त्या कागदावर ‘आणीबाणीचा पंप निकामी’ लिहिलंय ना, ते आधी खोडा. पंप निकामी नव्हता. पंप झकास होता. मुख्य पंप बंद पडले की रिअ‍ॅक्टरची उष्णता काढायला पाणी ढकलतो तो — दर महिन्याला आम्ही तो चालवून बघतो. बघताना पुढचा व्हॉल्व्ह बंद करायचा, पाणी आतल्या आत फिरवायचं, झालं की व्हॉल्व्ह पुन्हा उघडायचा, चाकाला साखळी, साखळीला कुलूप. एकानं करायचं, दुसऱ्यानं नंतर एकट्यानं जाऊन तपासायचं, दोन सह्या. एवढं सोपं. वीस ऑक्टोबरला पहिली सही माझी, दुसरी ब्लाझेनाची. आणि सोमवारी तुम्ही सगळे टाय लावून बसणार आणि तिचा परवाना काढून घेणार. घ्या. माझं काही म्हणणं नाही. दोन पोरं आहेत तिला, नवरा ऑस्ट्रियात ट्रक चालवतो, पण दुसरी सही तिची आहे ना — मग झालं तर. तपासायचं काम तिचं होतं.

पण एकटीच का, हे विचारा की कधीतरी! सव्वीस दिवस, दिवसाला तीन पाळ्या — करा हिशेब, अठ्ठ्याहत्तर वेळा माणूस त्या व्हॉल्व्हसमोर उभा राहिला. चांगली शिकलेली माणसं, साहेब, डिप्लोमावाली! येतात, साखळी ओढून बघतात, कुलूप आहे, ठीक आहे, कागदावर टिक, चालले कॉफीला. अरे गाढवांनो, साखळी म्हणजे व्हॉल्व्ह का? दाराला कुलूप आहे म्हणजे घरात माणूस आहे का? अठ्ठ्याहत्तर टिका! तो बोहुमिल नसता तर अजून टिका मारत बसले असते. पुढची चाचणी त्याच्याकडे होती. यानं साखळी काढली, व्हॉल्व्ह बंद करायला गेला, चाक हलेना. गंजलं म्हणून तेल घातलं बावळटानं! लटकला त्याला. मग कधीतरी डोक्यात उजेड पडला आणि उलटं फिरवून बघितलं — अठरा वेढे फिरलं. आधीपासूनच बंद. बोहुमिलला आता सगळे हिरो म्हणतात. तेल घालणारा हिरो!

हो, दुसरा पंप होता. म्हणून तर म्हणतो, एवढं आकाश कोसळलं नव्हतं — काय? ते तीन दिवस? बेअरिंग बदलायला उघडला होता दुसरा, माहीत आहे मला, मीच सुटीवर जाण्यापूर्वी नटबोल्ट मोजून दिले होते. हो, मग त्या तीन दिवसांत एकही नव्हता. एकही नाही. कूलिंग टॉवरच्या खालच्या जंगलात अळंबी गोळा करत होतो मी तेव्हा, बहिणीला घेऊन, तिच्या नातवंडांना घेऊन. दोन टोपल्या भरल्या. बरं, काही झालं का? नाही झालं. मग पुढचं विचारा. असं बघत बसू नका माझ्याकडे.

ब्लाझेनाचं म्हणाल तर — बायकांनी या कामात यावं का, हा माझा प्रश्नच नाही, आल्या, आता आल्याच. पण ती म्हणजे नाकानं कांदे सोलणारी. पुस्तक हातात धरून चालते. चाक पाव वेढा फिरवून बघा, लिहिलंय पुस्तकात, ही फिरवणार. दिवा बंद केला का बघायला दोन मजले परत चढणारी बाई! आम्ही म्हणायचो, हिला लग्नातसुद्धा नवरा तपासून घ्यावा लागला असेल. तिच्या बापाला मी हातोडा धरायला शिकवलं. माझ्या हातून गेलेलं काम कुणी उघडून बघितलेलं नाही, साहेब, एकतीस वर्षांत. आमच्याकडे तसं करत नाहीत. ज्यानं शिकवलं त्याच्या मागून जाऊन चाक फिरवायचं म्हणजे त्याच्या ताटात बोट घालून मीठ बघण्यासारखं. एकदा एकानं केलं होतं, ड्युशान नाव त्याचं. मी त्याच्याशी दोन वर्षं बोललो नाही. शेवटी बदली करून घेतली त्यानं.

ती साखळी घातली कुणी म्हणून काय विचारता — मीच घातली! उघडल्यावर नाही हो, आधीच. ही माझी पद्धत आहे, तुमच्या पुस्तकात नाही सापडणार. चाचणी चालू असताना कुणी शहाणा येऊन चाकाला हात लावेल, पाणी भलतीकडे जाईल, म्हणून व्हॉल्व्ह बंद असतानाच मी साखळी घालून कुलूप मारतो. अकरा वर्षं करतोय. चाचणी संपली की कुलूप काढायचं, उघडायचं, पुन्हा कुलूप. डोकं लागतं त्याला! त्या दिवशी... त्या दिवशी माझा नामदिन होता, कॅलेंडरात बघा, वीस ऑक्टोबरपुढे वेंदेलिन हेच नाव छापलंय. सगळी पाळी वर्कशॉपमध्ये जमलेली, मी सकाळीच पावाच्या चकत्यांवर हॅम, अंडं, काकडी लावून चार ट्रे नेलेले, आणि हे दर पाच मिनिटांनी फोन करतात, म्हातारबा, अंडी सुकली! पंप थांबवला, खाली आलो, बघतो तर साखळी लावलेली, कुलूप लावलेलं. मग गेलो वर. गेलो म्हणजे — साखळी लावलेली होती ना! कुलूप होतं ना! हजार वेळा केलेलं काम, हातच करतात ते, माणूस थोडाच दर वेळी...

धार गेलीय या चाकूची. कोबी चेचला जातोय नुसता.

आणि मग ही आली वर, सगळ्यांसमोर, मी ट्रे फिरवतोय आणि ही म्हणते, काका, कुलपाची किल्ली द्या, मी तपासून येते. कुणाचा नामदिन आहे, काय चाललंय, काही पोच? म्हटलं, बाळ, तू फ्रॉक घालून फिरत होतीस तेव्हापासून मी हा व्हॉल्व्ह उघडतोय, आधी अंडं खा. सगळे हसले. लाल झाली. खाल्लं नाही. पाळी संपताना पुन्हा आली कपडे बदलायच्या खोलीपाशी, हळू आवाजात — काका, नुसतं चाक हलवून बघते, दोन मिनिटं. किल्ली खिशातच होती माझ्या. म्हटलं, माझ्यावर विश्वास नाही? तर म्हणते, विश्वासाचं काय काका, कागदावर माझं नाव आहे. नाव आहे! मोठी नाववाली! म्हटलं, सही कर आणि घरी जा, पोरं वाट बघत असतील. केली तिनं सही. कुणी हात धरला होता का तिचा? मी धरला होता का? ज्याला मला नाही म्हणायचं धाडस होत नाही, त्यानं दुसरी सही करायला येऊ नये.

काय लिहिताय? हे कशाला लिहिता? किल्लीचा चाचणीशी काय संबंध? आपलं ठेवायचं झाकून आणि दुसऱ्याचं बघायचं वाकून, असली तुमची नोकरी — थांबा. काय म्हणालात? किल्लीचं तिनं सांगितलं नाही? कसं सांगितलं नाही, आठवडा झाला, आतापर्यंत सगळ्या कार्यालयाला तोंडपाठ असेल... मग काय सांगितलं तिनं? द्या तो कागद. हात ओले आहेत, असू दे, द्या. चष्मा... हं. हिचंच अक्षर. ‘मी तपासायला गेले नाही. दिवसभराच्या कामाने कंटाळले होते. मला कोणी अडवले नाही. चूक संपूर्ण माझी आहे.’

कंटाळली होती! ब्लाझेना! दिव्यासाठी दोन मजले चढणारी! खोटं आहे हे, साहेब, धडधडीत खोटं, आणि तुम्ही वाचून मान डोलावलीत? एवढी पोरगी परीक्षा देऊन आली, सगळ्यांत पहिली आली, आणि असलं लिहून देते? कशासाठी? माझ्या पेन्शनला दीड वर्ष राहिलं म्हणून? माझ्यावर उपकार? मला झाकून घेणार ती — मला! मी सगळ्यांना तिच्यावर हसवलं आणि ती मला... नाही. नाही चालणार. चोर सोडून संन्याशाला फाशी, आणि संन्याशानं आपण होऊन मान पुढे करायची? कुणाची दया नको मला. तिची तर नकोच नको.

काढा पेन. लिहा म्हणतो ना. दोनदा किल्ली मागितली, दोनदा नाही म्हटलं. साखळी आधीच घालायची पद्धत माझी. आणि व्हॉल्व्ह मी उघडलाच नाही — हो, असंच, याच शब्दांत, ‘बहुतेक’ घालू नका मध्ये. ते तीन दिवससुद्धा लिहा. वाचून दाखवायची गरज नाही, मला माहीत आहे काय सांगितलं ते. सही कुठं? इथं? बोट ओलं आहे, शाई पसरली, राहू दे, कळतंय नाव.

झालं. उठा आता. सोमवारी मी येणार नाही, बोलावलंत तरी येणार नाही. सगळ्यांसमोर तिच्याकडे बघत बसणं मला जमायचं नाही. आणखी काय हवंय? जा म्हटलं ना.