बोनेटवरचा तांब्या

शहागंजात कानाच्या डॉक्टरकडं माझ्यापुढं करमाडचं एक म्हातारं जोडपं बसलं होतं. बाई नवऱ्याच्या कानाशी वाकून बोलत होती. नवरा तिला सांगत होता,

“जुनी गाडी हाय. उभी केली की बंद पडती, म्हणून घरीच स्क्रू आवळून रेस वाढवली.”

“आन् सगळी गल्ली उठवली! अहो, बोनेटवर मी पाण्याचा तांब्या ठिवला, तवा पाणी थरथरत व्हतं का नाय?”

“व्हय, थरथरत व्हतं.”

“मग इंजिन चालूच व्हतं की. तुमालाच ऐकू येईना.”

“डाक्टर गाडी चालवू नका म्हणला तर?”

“मी शेजारी बसंन. इंजिन चालू हाय तवर तुमच्या गुडघ्यावर हात ठिवीन. बंद पडलं की काढीन.”

“मग बंद पडूच देत नाय बघ.”