मागची सीट नसलेली गाडी

टोलेडो शहरातल्या जुन्या गाड्यांच्या दुकानात मार्लीन आपल्या कागदपत्रांची वाट बघत बसली होती. शेजारी सत्तरीची एक बाई आणि तिचा टक्कल पडू लागलेला मुलगा यांची जुंपली होती.

"आई, ती निळी दोन दारांची कूपे घे. कमी चाललीये, गिअर आपोआप पडतात, आणि मागे दोन पोरं बसतात."

"म्हणूनच नको."

"अगं, लाल गाडीला मागची सीटच नाही!"

"ते मी सगळ्यांत आधी पाहिलं, टॉड."

"तिचा क्लच जड आहे."

"शाळेच्या बसपेक्षा जड?"

"आणि माझ्या मुलींना शाळेतून कोण आणणार?"

"त्यांचा बाप."

"आई!"

"एकतीस वर्षं बस चालवली मी. बावन्न पोरं पाठीमागे. कोण ओकलं, कोणी कुणाचे केस ओढले, हे बघण्यात रस्त्यापेक्षा आरसाच जास्त पाहिला. आता पाठीमागे कुणी नको."

"मग एकटी जाणार तरी कुठे?"

"ठरलं नाहीये. ठरलं तरी तुला सांगणार नाही."

विक्रेता दोन किल्ल्या घेऊन आला. बाईने लाल गाडीची उचलली. मुलगा पुटपुटत तिच्यामागे गेला.

वीस मिनिटांनी गाडी धडधडत दारात येऊन थांबली. टॉड उतरला, तो केस सारखे करत, हसू दाबत. बाई मात्र स्टिअरिंग धरून बसूनच राहिली.

"अहो, कागद इकडेच आणा," ती खिडकीतून विक्रेत्याला ओरडून म्हणाली. "मी काही उतरत नाही."