वाढीसाठी अंगठा

जव्हारच्या स्टँडवर मोखाड्याची गाडी लागायची होती. भरतकामाची पिशवी मांडीवर घेऊन बसलेल्या झरीनाच्या कानाला शेजारच्या मायलेकींची कुरकुर चिकटली.

"गोदामातला बूट चावतो गं, आये."

"बुटाचं राहू दे. तुझ्यासंगं लागल्या त्या पोरींचा तासाचा दर वाढला. तुझाच कसा नाय?"

"कामाला ठेवताना नुसतं कार्ड बघितलं. वाढीला अंगठा मागतात. माझा जुळत नाय."

"खोकी उचलून झिजला, म्हणावं."

"म्हटलं. मुकादम हसला."

"अठराची होईस्तोवर ताईच्याच कार्डावर दिवस रेट, रविना."

"आन् वाढ?"

"बापाला धाड बोलायला."

"बाबा गेटापर्यंत आला. आतनं कुणी मला 'ए सोनी' अशी हाक मारली, तसा माघारी फिरला."

"तिथं सोनीच म्हणतात तुला?"

"सगळेच."

"म्हणू दे गं. कुणीतरी म्हणतंय."

झरीनानं पिशवीचा बंद उगाच सोडून पुन्हा बांधला.

"मुकादम म्हणतो, जिचं कार्ड तिला घेऊन ये."

"मग सांग ना, पुढल्या सोमवारी येईल."

"कुठनं येईल, आये? आपणच पुरली ना तिला."