तिसरा हात

फिजिओथेरपिस्टच्या दाराबाहेर सासू-सून नंबरची वाट पाहत बसल्या होत्या. शेजारी गळ्यातल्या झोळीत हात अडकवून बसलेल्या मास्तरांचा पेपर केव्हाच मांडीवर पडला होता. कान मात्र जागेवर होते.

"आई, प्लास्टर काढल्यापासून उजव्या हाताने साधा चमचा उचलला नाहीत. तो रबरी चेंडू तरी दाबायचा!"

"मी काय लहान मूल आहे चेंडू खेळायला? हा हात कामातून गेला, विषय संपला."

"मग काल पास्त्याचं मशीन कोणी फिरवलं?"

"मीच! तू एका हाताने कणीक आत सोडणार, दुसऱ्याने खालून पट्टी झेलणार. हँडल कोण फिरवणार, तुझा नवरा?"

"पट्टी काय पातळ निघाली पण! पलीकडून माझी बोटं दिसत होती."

"दिसणारच. फिरवत कोण होतं?"

"कोणत्या हाताने?"

"डाव्या... नाही, थांब. हँडल उजवीकडे होतं. म्हणजे... अगं बाई! काल का नाही बोललीस?"

"बोलले असते, तर तुम्ही तिथेच थांबला असता."

आतून आवाज आला, "आजी, हात दाखवायला या."

सून दाराची मूठ फिरवायला उठली.

"सरक बाजूला," म्हणत सासूबाईंनी उजवा हात पुढे केला. मूठ फिरली.

"चांगलाच दाखवते!"