चपला लपवल्यात

दाताच्या दवाखान्यात माझ्यामागच्या बाकावर दोघी बहिणी बसल्या होत्या. धाकटी फ्रेंच शिकवणारी, थोरलीची मुलगी तिच्याच वर्गात.

“पोरगी घर सोडून चाललीय गं. फ्रेंचमध्ये लिहून ठेवलंय तिनं. फोनवर भाषांतर करून वाचलं मी.”

“काय लिहिलंय?”

“‘बाबा गेले. मी बोटीत बसले. आता परक्या भाषेत रडते.’ मी तिच्या चपलाच लपवून ठेवल्यात.”

“अगं ताई, तो गृहपाठ आहे! मीच दिलाय. घरदार सोडून गेलेल्यांच्या कादंबऱ्या फ्रेंचमध्ये ढिगानं आहेत. गोष्ट सांगणारा त्यात ‘मी, मी’ करतो, पण तो लेखकच असतो असं नाही. तसंच लिहून आणा म्हटलं होतं.”

“म्हणजे ती कुठं जात नाहीये?”

“कुठ्ठं नाही. आणि भाऊजी तर आत दाढ काढून घेतायत ना?”

“अगंबाई, ते डोक्यातच आलं नाही! हुश्श. जीव भांड्यात पडला बघ.”

“चपला दे आता तिच्या.”

“देते, देते. म्हणजे त्यातली ती दिवसभर किरकिर करणारी आई, तीही खोटीच ना?”

“नाही ताई. थोडं घरातलं खरंही घ्या, असं सांगितलं होतं मी.”