लाजाळू झिंग्याचा फोटो

सासूबाई सासऱ्यांचे रिपोर्ट घेऊन आत डॉक्टरांकडे गेल्या होत्या. बाहेर बाकावर सून सासऱ्यांना मोबाइलवर फोटो दाखवत होती, आणि शेजारचे शिंपीकाका वर्तमानपत्राआड कान टवकारून बसले होते.

"बाबा, हा आपल्या खाऱ्या पाण्याच्या टाकीतला झिंगा. उजेड दिसला की बिळात पळतो. लाल उजेड त्याला दिसत नाही, म्हणून टॉर्चला लाल कागद लावला आणि कॅमेरा रात्रभर चालू ठेवला."

"वा! काय मिशा आहेत गड्याच्या!"

"मिशांच्या मागे बघा. काचेत आपला फ्रिज उघडा दिसतोय."

"असेल."

"आणि आइस्क्रीमच्या डब्यात चमचा घालणारे हे कोण?"

"कुणीतरी देखणा माणूस दिसतोय."

"बाबा, शुगर तीनशेवर गेलीय तुमची!"

"ओरडू नकोस. फोटो मोठा कर. डब्यात दुसरा चमचा कुणाचा आहे?"

"अय्या! या तर आई!"

तेवढ्यात आतून सासूबाईंचा खणखणीत आवाज आला, "डॉक्टर, माझ्यासमोर गोडाला हात लावायची ह्यांची काय बिशाद!"