बारशाला काळं नको

ज्ञानदा : बाबा, पाळणा खाली काढा. आत्ताच्या आत्ता.

अरुण : का? काल मी स्वतः लोंबकळलो त्याला. नव्वद किलोचा गडी. तुझी पोरगी केवढी, मुठीएवढी.

पद्मजा : लोंबकळले, खरंय. शेजारचा माईक कुंपणावरून बघत होता. म्हणाला, आर यू ओके, सर?

ज्ञानदा : शार्दूलनं आणलेले बोल्ट काळे होते ना? आता चांदीसारखे चकाकतायत. काय केलंत त्यांना?

अरुण : जावयानं आणले, मी धुतले.

ज्ञानदा : कशानं?

अरुण : पाण्यानं.

पद्मजा : पाणी कुठलं? माईककडनं स्विमिंग पूलचं ॲसिड मागून आणलं. बादलीत रात्रभर बुडवून ठेवले. बादली गेली माझी.

अरुण : आणि कुणामुळं? तूच म्हणालीस, बारशाला काळं नको. पहिली नात, आणि डोक्यावर काळे बोल्ट, बायका काय म्हणतील. म्हणून घातले. बघ की, कसे नवरदेवासारखे निघालेत.

ज्ञानदा : बाबा, मला आधी विचारायचं तरी.

अरुण : तुला कशाला? तू बाळंतीण. तू बाळाचं बघ.

ज्ञानदा : मी लॅबमध्ये दुसरं काय करते? हेच बघते. कडक पोलाद ॲसिडात ठेवलं की हायड्रोजन सुटतो आणि पोलादाच्या आत शिरून बसतो.

अरुण : हायड्रोजन म्हणजे?

ज्ञानदा : गॅस.

अरुण : म्हणजे लोखंडाला गॅस धरला.

ज्ञानदा : तसंच समजा.

पद्मजा : अगं, ह्यांना तर लग्नापासून धरतोय. हे कुठं तुटले?

ज्ञानदा : साधं, नरम लोखंड सोसतं, आई. जेवढं कडक, तेवढं लवकर फुटतं. हे बोल्ट दुकानातले सगळ्यात कडक.

अरुण : मग काल का नाही तुटले? मी लोंबकळलो तेव्हा?

ज्ञानदा : कारण ते लगेच तुटत नाहीत. आवळून ठेवले की आतल्या आत क्रॅक जातो. वाकत नाहीत, वाजत नाहीत. एक दिवस, दोन दिवस गप. मग एकदम.

पद्मजा : माझी धाकटी जाऊ.

अरुण : हे बघ, मी सातवी नापास माणूस. पण कराडात आयुष्यभर पिठाची गिरणी चालवली. पट्टा तुटायचा तर आधी फटफट करायचा. बेअरिंग जायचं तर आधी बोंबलायचं. वस्तू सांगून जाते.

ज्ञानदा : हे नाही सांगत, बाबा. म्हणून तर मला पगार देतात.

अरुण : चारला तुमचं अख्खं शुगर लँड गाव येतंय. सागवानी पाळणा सुटा करून बॅगेत घालून अमेरिकेत आणला, त्याच्यापायी माझे कपडे कराडात राहिले. आल्यापासून दोन लेंग्यांवर आहे मी.

पद्मजा : एकावर. दुसरा ॲसिडात गेला.

अरुण : आणि नात काय सोफ्यावर ठेवायची? उशा लावून? उद्या कराडला फोटो जाणार.

ज्ञानदा : सोफ्यावर ठेवू. मांडीवर ठेवू. ह्या पाळण्यात नाही.

अरुण : म्हणजे माझ्यावर विश्वास नाही.

ज्ञानदा : तुमच्यावर आहे. बोल्टवर नाही.

अरुण : बोल्ट मीच आवळलेत. पाना लावून, सगळा जोर काढून.

ज्ञानदा : तीच भीती आहे ना.

अरुण : जोर काढला तरी चूक. बरं. लोखंडाची डॉक्टर घरात आणली म्हटल्यावर लोखंडच आजारी पडणार.

पद्मजा : अहो, पुरे. पेढे मोजायला लागा, नाहीतर खायला तरी. पोर झोपलीय तोवर...

(वर तुळईपाशी ‘टिंग’. काहीतरी पेढ्यांच्या ताटात येऊन पडतं.)

पद्मजा : हे काय पडलं पेढ्यात?

ज्ञानदा : बोल्टचं डोकं.

अरुण : पाळणा तर रिकामा आहे.

ज्ञानदा : हो.

अरुण : कुणी हातसुद्धा लावला नाही.

ज्ञानदा : नाही.

अरुण : काही बोलला पण नाही की गं.

पद्मजा : तुम्ही खाली बसा. पाणी घ्या.

अरुण : पाणी नको. शिडी दे. ज्ञानदा, तू आत जा, पोरीपाशी बस. उरलेले मी काढतो.

ज्ञानदा : शार्दूलला येताना नवीन आणायला सांगते. नरम, साधे. खरं तर तेच पुरले असते.

अरुण : सांग. आणि काळेच आण म्हणावं.

पद्मजा : काळे? बारशाला? अहो, बायका विचारतील.

अरुण : सांग, पाळण्याला तीट लावलीय.